गिअरला हात लावू नये

आमच्या मेकॅनिकने बॉनेट खाली ढकललं, फडक्याला हात पुसले आणि सांगितलं, "साहेब, टायमिंग बेल्टचं वय झालंय. बदलून घ्या. मंगळवार झाला की गाडी आणून सोडा, त्याच्या पुढच्या बुधवारी घेऊन जा."

"एका पट्ट्याला आठ दिवस?" मी म्हणालो. "त्यापेक्षा मी घरीच बदलतो."

यावर तो हसला असता तर एक वेळ चाललं असतं. तो हसला नाही. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. सव्वीस वर्षं मी सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात आहे, या हातांनी लाखभर कागदांवर शिक्के मारले असतील, पण त्यांच्याकडे इतक्या सहानुभूतीने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "घरी करायचं काम नाही हे, साहेब," एवढं बोलून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला. मी त्याच्या पायांकडे बघत थोडा वेळ उभा राहिलो आणि निघालो.

ज्यांना टायमिंग बेल्ट म्हणजे काय ते ठाऊक नाही (आदल्या दिवसापर्यंत मी त्यांच्यातलाच होतो), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात खाली पिस्टन वरखाली होत असतात आणि वर व्हॉल्व उघडझाप करत असतात. दोघांची जागा एकच, फक्त तिथे यायची वेळ वेगवेगळी. आमच्या घरातल्या एकुलत्या एका बाथरूमसारखा प्रकार. ही वेळ सांभाळणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. तो तुटला किंवा निघाला, आणि त्यात इंजिन फिरलं, की पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व अजून आतच असतो. मग पिस्टनचं काही होत नाही, व्हॉल्व वाकतात.

आता खरी अडचण सांगतो. गाडीची गरज मला नव्हती, बायकोला होती. मंगळवारी सकाळी दहा वाजता तिची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला हँडब्रेक न सोडता ती अर्धं मैदान गेली आणि परीक्षकाने तिला तिथेच उतरवलं. नंतरची तारीख मिळायला चार महिने लागले.

सासूबाई एकट्या राहतात, इथून गाडीने सव्वा तासावर. गेल्या वर्षी त्या स्वयंपाकघरात घसरून पडल्या. त्यांच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी बैठकीत होतो आणि माझा फोन बंद होता. गाडी खाली उभी, किल्ली खुंटीला, आणि बायको तीन तास खिडकीत. मी घरी आल्यावर आम्ही तिकडे निघालो. रस्ताभर तिची नजर माझ्या हातातल्या स्टिअरिंगवर होती. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना शिकाऊ परवान्याचा फॉर्म घेऊन आली. ती आठवीला भूगोल शिकवते. नकाशात कुठलाही घाट तिला डोळे मिटून दाखवता येतो, पण स्वतःच्या आईपर्यंत पोचायला नवऱ्याची बैठक संपावी लागते, हे तिला त्या दिवशी लागलं. मलाही लागलं होतं.

"मंगळवारपर्यंत गाडीला हात लावू नका," ती म्हणाली. "इतके दिवस टिकलाय ना तो पट्टा? अजून चार दिवस टिकेल."

"आणि परीक्षेच्या वेळीच तुटला तर?"

"तुटू दे. पण तुम्ही तोडू नका."

"अगं, मी तुझ्यासाठीच तर करतोय!"

हे वाक्य मी विचार करून बोललो नव्हतो. लग्न झालेल्या माणसाच्या तोंडून ते आपोआप येतं. तिने माझ्याकडे पाहिलं, वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि तपासायला लागली.

शनिवारी सकाळी सात वाजता मी खाली उतरलो. तयारी चोख होती. अकरा मिनिटांचा व्हिडिओ चार वेळा पाहिला होता. त्यातला माणूस स्वच्छ पांढरा शर्ट घालून, शीळ घालत सगळं करतो. त्याच्याकडे मोठं गॅरेज आहे आणि एकही शेजारी नाही, याकडे तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. नवीन बेल्ट, पान्यांचा संच, जॅक, स्टँड आणि बोल्ट ठेवायला बारा प्लास्टिकचे डबे मी हारीने मांडले. प्रत्येक डब्यावर अनुक्रमांक, तपशील आणि दिनांक अशी चिठ्ठी होती. चिठ्ठ्यांच्या बाबतीत मी कुणाला हार जात नाही.

गाडी स्टँडवर घेऊन पुढचं उजवं चाक काढलं, तोवर कॅशियरकाका खुर्ची घेऊन खाली आले. हे तळमजल्यावर राहतात. बँकेत पस्तीस वर्षं कॅशियर होते. त्यांनी आयुष्यात गाडी घेतलेली नाही आणि का घेतली नाही हे ते दुसऱ्याची गाडी बंद पडली की समजावून सांगतात. सावली बघून त्यांनी खुर्ची मांडली.

"किती बोल्ट काढलेत?"

"अठरा."

"डब्यांत सतरा आहेत. मी मोजलेत."

पुढची वीस मिनिटं मी जमिनीवर रांगत होतो. अठरावा बोल्ट त्यांच्याच खुर्चीच्या पायाशी निघाला. "बघा, मोजलं म्हणून सापडला," काका म्हणाले आणि यापुढे प्रत्येक बोल्ट त्यांच्या हातात देऊनच डब्यात टाकायचा, असं ठरलं.

मग दुसऱ्या मजल्यावरचे डेंटिस्ट आले. फार सज्जन माणूस. येताना ते कपाळावर बांधायचा दिवा आणि तोंडात घालून बघायचा लांब दांड्याचा आरसा घेऊन आले. दोन्हींचा खरोखर उपयोग झाला. इंजिन आणि गाडीची बाजू यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट असते. त्यात आरसा घालून त्यांनी बराच वेळ पाहिलं, जीभ टाळ्याला लावून "च् च्" केलं आणि म्हणाले, "बेल्ट तर बदलाच. पण वॉटर पंपही थोडा ओला दिसतोय. उघडलंच आहे तर तोही घ्या बदलून."

त्यांच्या दवाखान्यात एक दात दाखवायला गेलेला माणूस तीन दात करून घेऊन येतो, हे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहे. मलाही होतं. तरी मी वॉटर पंप यादीत लिहिला.

खाली क्रँकची पुली असते, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावरचं चाक. तिचा बोल्ट काढल्याशिवाय बेल्टपर्यंत पोचता येत नाही, आणि तो बोल्ट हलत नाही. पाना लावला की अख्खं इंजिनच फिरायला लागतं. व्हिडिओतल्या माणसाने यावर उपाय सांगितला होता: गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकायची, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगायचं, म्हणजे इंजिन जागचं हलत नाही. ब्रेक दाबायला मी बायकोला बोलावलं. ती हातात लाल पेन तसंच घेऊन आली, बसली आणि तिने ब्रेक दाबला. मी पान्यात पाइप घातला आणि सगळा जोर लावला. बोल्ट सुटला. त्याचबरोबर माझी बोटंही सुटली आणि समोरच्या लोखंडावर आदळली.

"मोजून दोन बोटं," काका म्हणाले.

डेंटिस्टांनी तिथल्या तिथे पट्टी बांधली. बायकोने विचारलं, "झालं? जाऊ मी?" मी म्हणालो, झालं. ती वर गेली. जखम कितपत आहे हे तिने विचारलं नाही, याचं मला वाईट वाटलं. दुपारपर्यंत वाटत राहिलं.

बेल्ट काढण्याआधी तो ज्यांवर फिरतो त्या वरच्या आणि खालच्या दातेरी चाकांवर खुणा जुळवून ठेवायच्या असतात. मी कार्यालयातल्या व्हाइटनरने दोन्हीकडे अशा सुबक खुणा केल्या की डेंटिस्टांनी त्यांचा फोटो काढला. मग जुना बेल्ट काढला. आता नवीन घालायचा, की संपलं. पण यादीत वॉटर पंप होता, आणि शनिवारी दुपारी स्पेअर पार्टचं दुकान बंद होतं. ते रविवारी सकाळी उघडणार होतं.

इथून पुढे मी जे केलं ते सगळं नियमाला धरून केलं, हे मला सांगायचंय. गाडी स्टँडवर सोडून जाऊ नये, असं व्हिडिओत बजावलं होतं. म्हणून मी चाक परत बसवलं आणि गाडी खाली उतरवली. खुणा जुळलेल्या राहायला हव्या होत्या, म्हणजे इंजिन एवढंसुद्धा फिरता कामा नये. म्हणून गाडी पाचव्या गिअरमध्येच ठेवली आणि वर हँडब्रेक ओढला. किल्ली घरी खुंटीला. आणि तरीही कुणी गिअरशी खेळू नये म्हणून एका कोऱ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: "सूचना. गिअरला कोणीही हात लावू नये. आज्ञेवरून." खाली सही आणि दिनांक. ती चिठ्ठी मी गिअरच्या दांड्याला चिकटवली आणि समाधानाने आंघोळीला गेलो.

आता सेक्रेटरींबद्दल. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि मी यांच्यात वैर असं काही नाही. पण दोघेही सूचना लिहिणारे आहोत. दहा दिवसांपूर्वी त्यांनी फलकावर एक सूचना लावली होती. तिच्यावर जावक क्रमांक नव्हता. मी लाल पेनाने तसा शेरा मारून खाली सही केली होती. म्हणजे सूचना मी पाहिली नाही, असं मला म्हणता येत नाही. त्या सूचनेत लिहिलं होतं की रविवारी सकाळी नऊ ते अकरा पार्किंगचे पट्टे रंगवले जातील, तरी सर्वांनी वाहनं हलवावीत. क्रमांकाच्या भानगडीत मजकूर वाचायचा राहिला.

रविवारी नऊ वाजता मी स्पेअर पार्टच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्या गाडीचं मॉडेल ऐकून दुकानदाराने आत कुणालातरी हाक मारून, "अजून चालतात का हो या?" असं विचारलं. सव्वा तासाने मी पंप घेऊन परत आलो, तर माझ्या जागेवर ओले पांढरे पट्टे चमकत होते आणि माझी गाडी चार गाड्यांच्या पलीकडे, भिंतीला समांतर, अगदी व्यवस्थित उभी होती.

"हलवली एकदाची," सेक्रेटरी म्हणाले. "केवढी जड आहे हो तुमची गाडी! सात जण लागलो."

"पण हलवली कशी? ती गिअरमध्ये होती!"

"असेल. गिअरला हात लावू नये असं लिहिलं होतं तुम्ही. सहीसकट. आम्ही नाही लावला." त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता. "हँडब्रेकवर काही लिहिलेलं नव्हतं. तेवढा सोडला."

"कुणी सोडला?"

सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं. जिन्याच्या पायरीवर बायको उभी होती. तिच्या हातात किल्ली होती.

"ते म्हणाले दोन फूट सरकवायचीय," ती म्हणाली. "मी हँडब्रेक सोडला. गिअर न्यूट्रलला आणणार होते, तर तुमची चिठ्ठी. म्हटलं, काहीतरी कारण असेल."

कारण होतंच. इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये होती, आणि गिअरमध्ये असल्यामुळेच ढकलल्यावर चाकांनी इंजिन फिरवलं. हे मी सगळ्यांना समजावून सांगितलं. कॅशियरकाकांनी खुर्चीवरून मान डोलावली. डेंटिस्ट मला बाजूला घेऊन गेले.

"तुम्हाला सांगू का नको कळत नाही," ते हळूच म्हणाले. "पण ढकलताना आतून आवाज आला. कट्ट असा. तीनदा. तो आवाज मी ओळखतो."

"कसला होता?"

"माझ्या पेशंटांना तो ऐकू येऊ नये म्हणून मी दवाखान्यात रेडिओ लावतो."

मी आशा सोडली नाही. पंप बसवला, खुणा पुन्हा जुळवल्या, नवा बेल्ट चढवला, काकांनी एकूण एक बोल्ट मोजून दिला. दुपारी चार वाजता सगळे जमले. मी किल्ली फिरवली. इंजिन गरगर फिरलं, जराही जोर न लावता, मिक्सरमध्ये काहीच न घालता तो चालू करावा तसं. सुरू झालं नाही. पुन्हा फिरवलं. लोक एकेक करून निघून गेले. काकांनी खुर्ची उचलली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.

सोमवारी सकाळी मेकॅनिक आला. त्याने बॉनेटला कान लावला, मला किल्ली फिरवायला सांगितली, आणि लगेच हाताने थांबवलं. "व्हॉल्व वाकलेत, साहेब. इंजिनाचं वरचं हेड उतरवावं लागेल." मी वाट बघत होतो की आता तो म्हणेल, सांगितलं होतं तुम्हाला. तो म्हणाला नाही. आत वाकून त्याने गिअरवरची चिठ्ठी वाचली, अलगद सोडवली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "पुढच्या बुधवारी घेऊन जा."

गाडी दोराने बांधून गेली. मी वर आलो. बायको खिडकीत उभी होती, त्याच खिडकीत, आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिली. मी म्हणालो, "चुकलं." ती म्हणाली, "पुढची तारीख चार महिन्यांनी मिळेल. चार महिने आईने जपून चालायचं, एवढंच ना?" तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. मला इतकी शरम वाटली की मी कधी नव्हे ते कार्यालयात फोन करून किरकोळ रजा टाकली.

डेंटिस्टांनी स्वतःहून त्यांची गाडी देऊ केली. पण परीक्षेच्या फॉर्मवर आमच्या गाडीचा नंबर होता, तो बदलायला हवा होता. आम्ही दोघं परवाना कार्यालयात गेलो. खिडकीमागे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. टेबल नीटनेटकं, शिक्के उंचीप्रमाणे लावलेले. मला त्यांच्याबद्दल ताबडतोब आदर वाटला.

"वाहन बदलायचं असेल तर मूळ वाहनाच्या मालकाचा अर्ज लागेल. कारणासहित," त्या म्हणाल्या.

असले अर्ज म्हणजे माझ्या हातचा मळ. मी लिहिलं, "तांत्रिक कारणास्तव सदर वाहन उपलब्ध होऊ शकत नाही." त्यांनी तो वाचला आणि वर लाल पेनाने शेरा मारून परत सरकवला: "कारण स्पष्ट नाही."

सव्वीस वर्षांत हा शेरा मी किती अर्जांवर मारला असेल याचा हिशोब नाही. पण तो खिडकीच्या बाहेरून कसा दिसतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण मला तो नेहमी लिहिणाऱ्याच्या बाजूनेच दिसतो. मी दुसरा अर्ज लिहिला. "वाहन दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये असल्याने."

"कसली दुरुस्ती? अपघात झालाय का? अपघात असेल तर वेगळा फॉर्म आहे."

"अपघात नाही."

"मग आपोआप बिघडली?"

मागे रांग वाढत होती. "हो" एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. मी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरचा वाहतूक चिन्हांचा तक्ता वाचत होती. मी म्हणालो, "नाही. आपोआप नाही."

"मग तसं लिहा. कारण म्हणजे कारण."

मी बाजूच्या बाकावर बसलो आणि दोन बोटांना पट्टी असलेल्या हाताने तिसरा अर्ज लिहिला. तो मला अजून पाठ आहे. "महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करतो की, सदर वाहन सुस्थितीत होते. ते खोलण्याची कोणतीही निकड नव्हती. मेकॅनिकचा सल्ला व पत्नीची स्पष्ट सूचना डावलून मी, खाली सही करणार, याने ते स्वतः खोलले. खोललेल्या अवस्थेत वाहन पाचव्या गिअरमध्ये ठेवून ते तसेच राहावे अशी लेखी सूचनाही मीच लावली. त्यामुळे वाहन ढकलले असता इंजिनाचे व्हॉल्व वाकले. यात परीक्षार्थीचा काहीही दोष नाही."

बाईंनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "पट्टीमुळे अक्षर लागत नाहीये. वाचते, चूक असेल तर सांगा." आणि त्यांनी तो मोठ्याने वाचला. रांगेत अठरा-वीस माणसं असतील. "पाचव्या गिअरमध्ये" या शब्दांना मागून कुणीतरी "अरेरे" म्हणालं. "लेखी सूचनाही" ला दोघं हसले. एका रिक्षावाल्याने पुढे येऊन, व्हॉल्व किती वाकले अशी आपुलकीने चौकशी केली. मी समोरच्या शिक्क्यांकडे बघत उभा राहिलो. शेवटची ओळ वाचताना बाईंचा आवाज जरा खाली आला. मग त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर टेकवला आणि मारला. एकदाच, बरोबर कोपऱ्यात, सरळ.

बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "ती शेवटची ओळ लिहायला त्यांनी सांगितलं नव्हतं."

"नाही."

ती थोडं चालली. "डेंटिस्ट पाचला घरी येतात. त्यांच्या गाडीचा क्लच कसा आहे बघायला हवा. तुम्ही मागे बसा. बोलायचं नाही."

मी मागे बसलो आणि बोललो नाही. चाळीस मिनिटं. डेंटिस्ट पुढे बसून "छान, आता हळूहळू सोडा, दुखणार नाही" असं म्हणत होते.

मंगळवारी नवऱ्यांना मैदानात प्रवेश नव्हता. मी कुंपणाबाहेर उभा होतो आणि मला फक्त गाडीचं छप्पर दिसत होतं. ते पुढे गेलं, थांबलं, मागे आलं, खांबांच्या मधून वळलं, पुन्हा थांबलं. चढावर ते इतका वेळ थांबलं की मी कुंपणाची तार घट्ट धरली. मग ते हलकेच वर चढलं. ती बाहेर आली तेव्हा हातात कागद होता. "कसं झालं?" मी विचारलं. "झालं," ती म्हणाली, आणि तो कागद तिने माझ्या हातात दिला नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

पुढच्या बुधवारी गाडी आली. शनिवारी सकाळी बायकोने किल्ली खुंटीवरून काढली.

"आईकडे जाऊन येते."

"थांब, मी शर्ट बदलतो."

"नको. तुम्ही शेजारी बसलात की तुमचाही उजवा पाय दाबला जातो. मला दिसतं ते."

नऊ वाजता ती गेली. सव्वादहाला पोचायला हवी होती. साडेदहाला मी बेल्टचा विचार करायला लागलो, नवा होता तरी. पावणेअकराला ब्रेकचा. अकरा वाजता सासूबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "निघालीय का ती? एकटी?" म्हणजे आता आम्ही दोघं घाबरलो. मी खिडकीत उभा राहिलो. फोन हातात, आणि करण्यासारखं काही नाही. असे तीन तास तिने कसे काढले असतील ते मला तेव्हा समजलं, दहा मिनिटांत.

सव्वाअकराला फोन वाजला.

"पोचले," बायको म्हणाली.

"एवढा उशीर? काय झालं? गाडी..."

"गाडी छान चालली. चहाला थांबले होते. पुलाच्या अलीकडे ते निळ्या पत्र्याचं हॉटेल आहे ना, तिथे."

"तिथे? कशाला?"

"चौदा वर्षं म्हणतेय, एकदा तिथे थांबू या. तुम्ही कधी थांबलात?"

नव्हतो थांबलो. पोचल्यावर आई चहा करतीलच की, असं दर वेळी म्हणायचो आणि गाडी पुढे काढायचो.

"कसा होता चहा?" मी विचारलं.

"अगदीच पाणचट," ती म्हणाली. "दोन कप प्यायले."